सयाजीराव नावाचा घोडा : दोन गोष्टी आणि एक हिशोब

बडोद्यात रेसच्या घोड्यांचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. पहिली अभिमानाची. प्रतापसिंहराव महाराजांनी विलायतेत घोडे पळवले, गोऱ्यांच्या नाकावर टिच्चून शर्यती जिंकल्या, बडोद्याचं नाव जगभर केलं. दुसरी हळहळीची. घोड्यांच्या नादापायी खजिना रिकामा झाला आणि शेवटी राज्य गेलं. गंमत म्हणजे बरेचदा एकच माणूस दोन्ही गोष्टी सांगतो. चहाच्या आधी पहिली, चहानंतर दुसरी.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य यंत्रं आणि आकडे पाहण्यात गेलं. त्यामुळे गोष्ट कितीही रंगतदार असली तरी तिच्यातले आकडे आणि सन आधी जुळवून पाहायची सवय लागली आहे. या लेखात या दोन्ही गोष्टींची तशी तपासणी करायची आहे. दोन्ही पूर्ण खोट्या नाहीत. पण दोघींनी मिळून एक महत्त्वाचा प्रश्न झाकून टाकला आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी सन आणि शर्यती

काही घोटाळे सुरुवातीलाच दूर करू. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) इंग्लंडमध्ये घोडे पळवले, असं विधान अधूनमधून ऐकू येतं. ते घोटाळ्यातून आलेलं आहे. महाराज 1939 साली वारले. ‘सयाजीराव’ हे शिंगरू 1944 सालचं. घोडा आजोबांचा नव्हे, त्यांच्या नावाचा; मालक नातू, म्हणजे प्रतापसिंहराव.

दुसरा घोटाळा डर्बीचा. ‘सयाजीरावनं डर्बी जिंकली’ हे अर्धसत्य आहे. 1947च्या एप्सम डर्बीत तो तिसरा आला. पहिला आला पर्ल डायव्हर. त्याच्या आधी टू थाउजंड गिनीज या एक मैलाच्या शर्यतीतही तो तिसराच होता. तिथे ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांबी पुढे निघून गेला होता. सयाजीराव जिंकला ती आयरिश डर्बी, आणि त्यानंतर सप्टेंबरात डॉनकॅस्टरची सेंट लेजर. ही 1776 सालापासून चालत आलेली शर्यत, म्हणजे एप्सम डर्बीपेक्षाही चार वर्षांनी जुनी. अंतर पावणेदोन मैलांहून थोडं जास्त. जॉकी होता ऑस्ट्रेलियन एडगर ब्रिट. सयाजीराव आर्बरच्या पुढे डोक्याएवढ्या अंतरानं पोहोचला.

हा एडगर ब्रिट आपल्याला परका नाही. 1943 साली मुंबईत महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली, आणि तिच्यावर ब्रिटच होता. विलायतेतल्या पागेची पायाभरणी अशी मुंबईत झालेली होती. अभिमानाची गोष्ट सांगणारे नेमकं हेच विसरतात.

वरची तीन अंतरं एकाखाली एक लिहून पाहा. एक मैल : तिसरा. दीड मैल : एप्समला तिसरा, आयर्लंडमध्ये पहिला. पावणेदोन मैल : पहिला. म्हणजे ‘विजेसारखा पळायचा’ हे वर्णन या घोड्याला लागू पडत नाही. हा दमाचा घोडा होता. सुरुवातीला बाकीचे पुढे जायचे आणि अंतर वाढेल तसा हा वर यायचा. पुढे त्याच्या अवलादीतही हाच गुण उतरला. ग्लॅडनेस या त्याच्या मुलीनं 1958 साली अडीच मैलांचा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप जिंकला. इंडियाना या मुलानं 1964 साली बापाचीच सेंट लेजर जिंकली.

अठ्ठावीस हजार गिनी

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. तिचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे. 1945 साली लिलावात एक वर्षाचं शिंगरू 28,000 गिनींना घेतलं गेलं. एवढी किंमत त्याआधी कुठल्याही शिंगराला आली नव्हती. विलायती वर्णनांत हा आकडा पूर्वेकडच्या राजांच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून येतो, आणि आपणही तो त्याच सुरात सांगतो. त्यांचा शेरा उसना घेऊन आपलं मत म्हणून वापरतो, एवढाच फरक.

तेव्हा हिशोब करू. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. 28,000 गिनींचे झाले 29,400 पौंड. त्या वेळचा दर एका रुपयाला दीड शिलिंग, म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै. एकूण रक्कम येते 3,92,000 रुपये. मोठी रक्कम आहे, यात वाद नाही. पण उधळपट्टी ठरवायची तर बाजारात त्या मालाची किंमत काय होती हेही बघायला हवं.

या शिंगराचा बाप निअर्को. इटलीत फेदेरिको तेसिओनं तयार केलेला, एकही शर्यत न हरलेला घोडा. 1938 साली मार्टिन बेन्सननं तो 60,000 पौंडांना विकत घेतला होता. आई रोझी लेजंड. आणि याच आईबापाच्या पोटचा सख्खा मोठा भाऊ दांते, यानं 1945ची डर्बी नुकतीच जिंकली होती. महायुद्धामुळे ती त्या वर्षी एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली. लिलावात हात वर करणाऱ्याला हे सगळं माहीत होतं. बापाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत डर्बी विजेत्याचा सख्खा भाऊ मिळाला, आणि तो दोन मोठ्या शर्यती जिंकून पैदाशीलाही उत्तम निघाला. घोड्याचा सौदा म्हणून पाहिलं तर यात वेडेपणा कुठे आहे? उलट पारख चांगलीच म्हणायला हवी.

तुलनेसाठी शेजारचं उदाहरण घेऊ. आपल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांनी विंडसर लॅड हे शिंगरू 1,300 गिनींना घेतलं आणि 1934ची एप्सम डर्बी जिंकली. नंतर तो घोडा 50,000 पौंडांना विकला. घेणारा तोच मार्टिन बेन्सन. स्वस्तात घेतलेला घोडा डर्बी जिंकला म्हणून राजपिपळ्याची गोष्ट ‘चतुराईची’ झाली. महाग घेतलेला तिसरा आला म्हणून बडोद्याची ‘उधळपट्टीची’. असा निकाल देताना आपण शहाणपण मोजत नाही, दैव मोजतो.

माय बाबूचं गोत्र

बडोद्याचा दुसरा नामांकित घोडा माय बाबू. जन्म फ्रान्समधला, बाप जेबेल. 1948ची टू थाउजंड गिनीज त्यानं जिंकली, जॉकी चार्ली स्मर्क. विंडसर लॅडवर डर्बी जिंकणाराही हाच स्मर्क, म्हणजे गुजरातेतल्या दोन शेजारी संस्थानांचा धागा एका लंडनच्या जॉकीच्या हाती होता. सयाजीराव आणि माय बाबू या दोघांची तालीम न्यूमार्केटला फ्रेड आर्मस्ट्राँगच्या देखरेखीखाली झाली.

माय बाबूचा मुलगा अवर बाबू यानं 1955 साली पुन्हा तीच टू थाउजंड गिनीज जिंकली. पुढे माय बाबू अमेरिकेला गेला. तिथे त्याच्या केरला नावाच्या मुलीच्या पोटी दमास्कस जन्मला. 1967 साली अमेरिकेत त्यानं प्रीकनेस आणि बेलमाँट या दोन्ही शर्यती मारल्या. अमेरिकन वंशावळीत ‘बाबू’ आणि ‘केरला’ हे शब्द वाचले की आपल्याला हसू येतं. पण ते शब्द तिथे कुठल्या वाटेनं पोहोचले, हे सांगणारं आपल्याकडे फारसं कोणी उरलेलं नाही.

यातूनच माझा पहिला आक्षेप निघतो. अभिमानाची गोष्ट कपावर येऊन थांबते. थरोब्रेड घोड्याची खरी कमाई पळण्यात असते त्याहून अधिक पैदाशीत असते, आणि ती सगळी आयर्लंडमध्ये नि अमेरिकेत रुजली. बडोद्यात त्यातलं एक शिंगरूही वाढलं नाही. घोडे तिकडचे, जॉकी तिकडचे, ट्रेनर तिकडचा, अवलाद तिकडे. ‘बडोद्याचं नाव झालं’ हे खरं. झालं ते नावच.

नाव कोणाचं?

आणि नाव तरी कोणाचं ठेवलं? आपल्याकडे घरात वडिलधाऱ्याचं नाव नातवाला ठेवतात, आणि मग त्याला रागावताना आजी त्या नावानं हाक मारत नाही. तेच नाव जनावराला द्यायची रीत नाही. इंग्रजी रेसच्या जगात मात्र चांगल्या घोड्याला थोराचं नाव देणं हा मान समजतात. प्रतापसिंहरावांनी तो मान देण्यासाठीच नाव ठेवलं असणार, असं मी धरून चालतो. पण परिणाम पाहा. 1906 साली सबंध राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण नेणाऱ्या राजाचं नाव डॉनकॅस्टरच्या यादीत आर्बर आणि मिगोलीच्या ओळीत जाऊन बसलं. तिकडच्या रेसशौकिनाला आजही सयाजीराव म्हटलं की दांतेचा भाऊ आठवतो. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या तरुण पोरांना गूगलवर आधी घोडा सापडतो, ही काळजी मात्र आपण करायची.

झाकलेला प्रश्न

आता मूळ मुद्दा. ‘घोड्यांपायी राज्य गेलं’ हे वाक्य तपासलं तर टिकत नाही. 1 मे 1949 रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. ज्या संस्थानिकांनी आयुष्यात एकही घोडा पळवला नाही, त्यांचीही राज्यं त्याच काळात गेली. 1951 साली प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली गेली, ती विलीनीकरणालाच आव्हान देण्याच्या त्यांच्या हालचालींमुळे.

पण एवढ्यानं सुटका होत नाही. घोडा चांगला होता का, हा प्रश्न एक. पैसा कोणाचा होता, हा प्रश्न वेगळा. पहिल्याचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसरा मिटत नाही. 1948च्या वसंतात माय बाबू न्यूमार्केटला जिंकत होता, आणि त्याच वर्षी बडोद्याची धारासभा महाराजांच्या कारभाराविरुद्ध उभी राहिली, जीवराज मेहता दिवाण झाले. खजिन्यातून महाराजांसाठी निघालेल्या रकमांची तपासणी झाली, व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या ग्रंथात याची चर्चा केली आहे. विलीनीकरणानंतर महाराजांचा तनखा वर्षाला साडेसव्वीस लाख ठरला. सयाजीराव घोड्याची किंमत त्याच्या सातव्या हिश्श्याएवढी येते. म्हणजे हा एक घोडा खासगी उत्पन्नातून परवडण्याजोगा होता. अख्खी पागा, ट्रेनर, जॉकी, परदेशातल्या मिळकती परवडण्याजोग्या होत्या का, आणि त्या कोणत्या खात्यातून गेल्या, हे विचारायला हवं होतं.

सयाजीराव महाराजांच्या कारभाराची एक खूण म्हणजे खानगी खातं वेगळं आणि राज्याचं खातं वेगळं. राजाच्या घरखर्चालाही हिशोब असतो, हे त्यांनी बडोद्याला शिकवलं. नातवाच्या काळात ती रेघ पुसट झाली. माझ्या मते बडोद्याची खरी हानी ही होती. ती एका शिंगराच्या किमतीत मोजता येत नाही. उधळपट्टीची गोष्ट सगळा राग घोड्यावर काढते आणि खातेवहीला हातही लावत नाही. अभिमानाची गोष्ट तर खातेवही उघडतच नाही. म्हणून दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या आणि ऐकायला गोड.

आपल्यासारख्या हौशी मंडळींनी निदान एवढं करावं. राजवाड्यातल्या जुन्या तसबिरीसमोर उभं राहून घोड्याचं कौतुक जरूर करावं. तो कौतुकाच्या लायकीचा होता. शर्यतींची नावं आणि सन बरोबर सांगावेत. आणि पाहुण्यानं ‘किती उधळपट्टी!’ म्हटलं की त्याला निअर्कोची किंमत सांगावी, मग विचारावं : पैसे कुठल्या खात्यातले होते, ते माहीत आहे का?