गृहत्याग आणि विषाद

भारतीय परंपरेत पुरुषाच्या गृहत्यागाला मोठी प्रतिष्ठा आहे. सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण असो वा वानप्रस्थाश्रम, घर सोडणे हे वैराग्याचे लक्षण मानले गेले. स्वातंत्र्योत्तर कथा-कादंबरीत घराबाहेर पडणाऱ्या पुरुषाजवळ हे वैराग्य क्वचितच आढळते; त्याच्यापाशी असतो तो विषाद. समीक्षेने त्यास ‘परात्मता’, ‘अस्तित्ववाद’ अशी नावे दिली आणि एका घरगुती दुःखाचे तत्त्वज्ञान होऊन बसले.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातील गाव सोडून पुण्यास शिकावयास जातो आणि अपयश घेऊन परततो. बहीण मनीच्या मृत्यूचा शोक त्याला वडिलांपाशी बोलून दाखवता येत नाही. त्याच्या निवेदनातील तिरकस थट्टा हे त्या मुकेपणाचेच दुसरे रूप होय. ओ. व्ही. विजयन यांच्या ‘खसाक्किंटे इतिहासम्’ (१९६९) या मल्याळम कादंबरीतील रवी सावत्र आईशी घडलेल्या संबंधाची अपराधभावना घेऊन दूरच्या खेड्यात एकशिक्षकी शाळेचा मास्तर होतो. गाव बदलते, अपराधभावना सुटत नाही.

या दोन तरुण नायकांना ती तात्त्विक नावे कदाचित शोभतीलही. उषा प्रियंवदा यांच्या ‘वापसी’ या हिंदी कथेतील गजाधरबाबूंपुढे मात्र ती निरुपयोगी ठरतात. रेल्वेतील ३५ वर्षांच्या नोकरीनंतर ते मोठ्या ओढीने घरी येतात. घर त्यांच्यावाचून चालण्यास सरावलेले असते. त्यांची खाट आधी बैठकीत, मग पत्नीच्या लहानशा खोलीत हलते. अखेर ते साखर कारखान्यात नोकरी धरतात. पत्नीला बरोबर येण्याविषयी सुचवतात. पण वाढता संसार आणि वयात आलेली मुलगी टाकून ती येऊ शकत नाही. ते गेल्यावर खाटही खोलीबाहेर काढली जाते.

या पत्नीकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. पुरुषाच्या विषादास निदान दाराबाहेरची वाट असते. तिच्या थकव्यास तीही नाही. एका लेखिकेने दोघांपैकी कोणासही दोषी न ठरवता ही विषमता दाखविली आहे. पुरुषाचा विषाद समजून घ्यावयाचा, तर त्याने मागे ठेवलेले घरही वाचले पाहिजे.