‘एम आणि हूमराव’ : आजार आणि घराची बोली

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली व २०१६ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने ती मराठीत आणली. माहीमच्या एका लहानशा सदनिकेत राहणारे गोवेकर ख्रिस्ती कुटुंब, त्यातील आई इमेल्डा, पिता ऑगस्टीन, कन्या सूझन आणि अखेरपर्यंत अनाम राहिलेला निवेदक पुत्र, एवढाच या कादंबरीचा संसार. उन्माद व विषाद यांची आवर्तने, आत्महत्येचे प्रयत्न, जे. जे. रुग्णालयातील तेहेतीस क्रमांकाचा कक्ष हे सर्व तीत आहे. तथापि लक्षणांचे वर्णन वैद्यकीय टिपणातही सापडते. या कृतीचा विशेष असा की, येथे आजार घराच्या बोलीत मुरलेला आहे.

इमेल्डाच्या आईचे बोलणे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नाम उच्चारण्याची वेळ आली की ती ‘हे’, ‘ते’ अशा सर्वनामांवर निभावून नेते. अर्थ ऐकणाऱ्याने लावावयाचा. हा वाचाभंग नव्हे. गोवा, ब्रह्मदेश, कलकत्ता, मुंबई अशा स्थलांतरांत एक भाषा अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी समोर उभी राहिली, आणि सर्वत्र उपयोगी पडणारी तेवढी सर्वनामे हाती उरली. या म्हातारीला कोणी रुग्ण म्हणत नाही. परंतु कुटुंबावरील पहिला आघात तिच्या वाक्यरचनेत दिसतो. मुलीचे याच्या अगदी उलट. तिचे शब्द आवरत नाहीत.

पिता मात्र हुंकारावर भागवतो. त्यावरूनच त्याचे घरगुती नाव पडले. मूळ नावातील ‘बिग’च्या जागी मराठीत ‘राव’ आला, तेव्हा आकार गेला आणि किंचित थट्टेने भरलेला आदर आला. (मुलांनी बापाला ठेवलेले नाव त्यामुळे थोडेसे जावयाच्या नावासारखे वाटू लागते, ही गोष्ट वेगळी.) त्याचे मौन कादंबरी फार लवकर सद्गुण म्हणून स्वीकारते. बारा वर्षे वाट पाहून विवाह केलेल्या या माणसाला स्वतःचा संताप असेल की नाही, याचा तपास व्हावयास हवा तसा होत नाही.

कादंबरीचे मर्म निराळ्याच ठिकाणी आहे. आजार केव्हा सुरू झाला, असे पुत्र आईला विचारतो, आणि तुझ्या जन्मानंतर, असे उत्तर मिळते. नळ उघडून काळे काही ठिबकू लागावे, तशी ती सुरुवात सांगते. व्याकरणदृष्ट्या येथे केवळ काळाचा निर्देश आहे; ऐकणाऱ्यास मात्र तो कारणाचा वाटतो. ‘तू झाल्यावर’ आणि ‘तू झाल्यामुळे’ यांतील अंतर मराठीत एका शब्दयोगी अव्ययाचे आहे. हा पुत्र जन्मभर त्या अंतरात राहतो. जन्माने आजार दिला काय, ही एक शंका; तो आजार आपल्याकडे वारशाने येईल काय, ही दुसरी. तो आईला पुनःपुन्हा प्रश्न विचारतो, तिची पत्रे व टिपणे वाचतो. त्याची ही चिकाटी रुग्णेतिहास लिहिणाऱ्या वैद्याची वाटते खरी. पण तिच्यामागे आरोपीची धडपड आहे.

एमच्या वाक्चातुर्यावर लुब्ध होऊन तिला ‘लोभस वेडी’ ठरविणारे वाचन म्हणूनच अपुरे होय. तिचा विनोद मुलांच्याही अंगावर येतो. ‘मदर’ हा शब्द ती वेडावून उच्चारते, तेव्हा मातृत्वाविषयीची तिची नाराजी ज्यांच्यामुळे ती माता झाली, तीच मुले ऐकत असतात. तीही हसतात, त्यांना दुसरे काय करता येण्याजोगे होते?

‘मॅड’ हा शब्द ती इतरांच्या आधी स्वतःस लावून घेते. मराठीत ‘वेडी’ लाडानेही म्हणतात, त्यामुळे ती धार मराठीत पेलणे अवघड. ती धार मराठीत विशेषणाऐवजी स्थलनामात आहे. मनोरुग्णालयांमुळे पुण्यात ‘येरवडा’ व मुंबईत ‘ठाणे’ ही नावे टोमण्यासारखी वापरली गेली. मेंडिस कुटुंबात तेहेतीस क्रमांकाच्या कक्षाचा उल्लेख मात्र नातेवाईकाच्या पत्त्यासारखा होतो.