तर्ज कोणाची?

आपल्या भजनी मंडळांच्या वह्या चाळल्या तर बहुतेक स्तवनांच्या डोक्यावर ‘तर्ज’ असे लिहून पुढे एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे नाव दिलेले दिसते. हैदराबादेत तर मराठी, मारवाडी, गुजराती अशा सगळ्या घरांतल्या बायका एकाच पूजेला बसतात. चाल अशी हवी की पहिल्या ओळीलाच सगळ्यांना सूर धरता यावा. सिनेमाची चाल ती सोय करते. म्हणूनच ‘देवाचं नाव सिनेमाच्या चालीवर कसलं घेता?’ ही व्याख्यानांतून होणारी टीका मला अपुरी वाटते.

ही रीत आजची नव्हेच. जुन्या गुजराती-राजस्थानी जैन कवींनी रास रचले, तेव्हा एकेका ढाळेच्या वर ‘देशी’ नोंदवली. लोकांच्या तोंडी असलेल्या कोणत्या गाण्याच्या चालीवर हे म्हणायचे, त्याची ती खूण. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची भली मोठी सूचीच दिली आहे. चाल उसनी घ्यावी आणि ती कुठून घेतली ते वर लिहावे, हा आपला जुना रिवाज.

माझी तक्रार आहे ती वरची ओळ गळून पडते त्याबद्दल. वहीत ती असते, मोबाइलच्या पडद्यावर नसते. तेलुगू सिनेमामुळे हैदराबादेत स्टुडिओ आणि कीबोर्डवाले मिळायला अडचण नाही. चातुर्मास जवळ आला की मंडळे गाणी ध्वनिमुद्रित करतात, यूट्यूबवर टाकतात. खाली गायिकेचे नाव, दात्यांची नावे, महाराजांचा आशीर्वाद, सगळे असते. चाल बांधणाऱ्याचे नाव मात्र नसते. फार तर ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे एक वाक्य असते, जणू ते लिहिले की परवानगी मिळालीच.

कायदा काय म्हणतो ते आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवे, कारण तो वाटतो तेवढा आपल्या विरोधात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे म्हणायला सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाचे इतर समारंभही त्यात धरले आहेत. तेव्हा देरासरात, पूजेत, पाळण्याच्या वेळी म्हणा खुशाल. गाणे ध्वनिमुद्रित करून बाहेर काढले की मात्र ती सूट पाठीशी राहत नाही.

मग लागू होते २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी. मूळ गाणे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबायचे. हक्कदाराला आधी नोटीस द्यायची, वेष्टनाचा नमुना पाठवायचा, रॉयल्टी आगाऊ भरायची. गाणे कव्हर आहे असे वेष्टनावर छापायचे आणि मूळ गायकाचे नाव वा चित्र फसवे वापरायचे नाही. शब्द किंवा चाल हक्कदाराच्या संमतीवाचून बदलायची नाही. ही शेवटची अट आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. सिनेमाच्या चालीवर नवे स्तवन बसवले, तर ते कायद्याच्या लेखी कव्हर नव्हेच. त्यासाठी चालीच्या मालकाकडून थेट परवानगी घ्यावी लागते.

‘शब्द तर संतांचे आहेत’ असेही कोणी म्हणेल. तुकोबांचे शब्द सर्वांचे, मानतुंगाचार्यांचे भक्तामरही सर्वांचे. पण लताबाईंनी गायिलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे २०११ साली गेले. त्यापुढची साठ वर्षे, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत त्या चालींवर हक्क राहतो. गदिमा १९७७ला गेले, सुधीर फडके २००२ला. म्हणजे गीतरामायणाचे शब्द २०३७नंतर मोकळे होतील आणि चाली २०६२नंतर. शब्दांचा हिशेब वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा तिसरा. मूळ तबकडीवरचे वादन उचलून ‘ट्रॅक’ म्हणून वापरले, तर तिसराही हक्क मोडतो. आणि ज्याने गायिले त्याचेच गाणे, असेही नाही. २०१७ साली इळैयराजांची नोटीस गेली ती साक्षात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना. त्यांनीच अजरामर केलेली गाणी त्या दौऱ्यात त्यांना बाजूला ठेवावी लागली.

आता कायद्याची दुसरी बाजू. कलम ३१सी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी मागते. भाषेची पोच पाहून हा आकडा कमी करण्याची मुभा कायद्यातच आहे, पण मूळ आकडा कॅसेट कंपनी डोळ्यांसमोर ठेवूनच बेतलेला दिसतो. ऐंशीच्या दशकात गुलशनकुमारांच्या टी-सिरीजने एचएमव्हीच्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या स्वस्तात काढून बाजार भरून टाकला, आणि आता त्या वाटेवर बसवलेले फाटक घरात बसून गाणाऱ्या बाईलाही अडवते. अमेरिकेत १९०९पासून अशा परवान्याची सोय आहे. तिथे जेवढ्या प्रती तेवढे पैसे. आपल्याकडे एकट्या गायिकेला परवडणारी वाट एकच उरते. कंपनीला पत्र लिहायचे, परवाना मागायचा आणि उत्तराची वाट पाहायची. शिवाय हे कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरते आहे. चित्रफितीची परवानगी निराळी. हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवला पाहिजे.

पण अन्यायाचे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात न दिलेले घेणे म्हणजे चोरी, अशी साधी व्याख्या आहे. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचारही तिथेच येतात: चोरीला प्रोत्साहन, चोरीचा माल घेणे, राज्याचा नियम डावलणे, मापात कमी-जास्त करणे आणि नकली ते अस्सल म्हणून चालवणे. तिसरा आणि पाचवा पुन्हा वाचा. रोकड वहीत पैचाही फरक खपवून न घेणारा आपला समाज. चालीला वजन नाही, ती तिजोरीत मावत नाही, म्हणून तिला माल न समजण्याची पळवाट आपण काढली आहे.

याचा फटका शेवटी आपल्यालाच बसतो. मंडळातली एखादी बाई रात्री जागून पर्युषणासाठी स्तवन लिहिते. ते दुसऱ्या गावच्या वहीत जाते, तिथून छापील पुस्तिकेत, आणि तिचे नाव वाटेतच गळते. तिला वाईट वाटते, पण ‘धर्माचं काम आहे, नाव कशाला हवं?’ म्हणून तिला गप्प केले जाते. दात्याचे नाव मात्र मोठ्या टायपात असते. चालीच्या मालकाला आपण जे वागवतो, तेच आपल्या कवयित्रीच्या वाट्याला येते.

म्हणून मंडळांना माझे सांगणे थोडक्यात असे. नवीन चाली आपल्यातल्याच कोणाकडून बांधून घ्या, किंवा ओवीसारख्या जुन्या मोकळ्या चालींकडे वळा. सिनेमाचीच हवी असेल, तर ती पूजेत गा. बाहेर काढायची तर आधी पत्र लिहा, आणि लेखी होकार येईपर्यंत थांबा. आणि गाणे कुठेही जावो, वहीतली ती वरची ओळ त्याच्याबरोबर जाऊ द्या: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा.