सावध विधानाचे मोल

इंग्रजी शास्त्रीय लेखनातील संयमाचा आदर्श म्हणून वॉटसन व क्रिक यांच्या २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मधील लेखाकडे बोट दाखविले जाते. त्याच्या अखेरीस आनुवंशिक द्रव्याच्या प्रतिकृतीची सूचना दुहेरी नकाराच्या आडून केलेली आहे. परंतु हा नकार म्हणजे विनय नव्हे. तो अग्रहक्काचा दावा होता, हे क्रिक यांनीच १९७४ मध्ये सांगितले. खरी सावधगिरी आहे ती त्याच वाक्यातील ‘पॉसिबल’ ह्या एका विशेषणात. कारण प्रतिकृतीला प्रायोगिक आधार मेसेल्सन व स्टाल यांनी १९५८ मध्ये दिला. पानोपानी ‘परहॅप्स’ पेरणाऱ्या प्रबंधलेखकाने हा भेद ओळखावा. पुरावा जेथे संपतो, नेमका तेथेच संशयाचा शब्द सार्थ होतो.