आकडा येतो कुठून?

‘शेतातील मातीत डीडीटीचे अवशेष’ अशी बातमी वर्गात वाचून दाखवली, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, हे मोजलं कशानं?” आपण सांगतो, “गॅस क्रोमॅटोग्राफने.” हे उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. त्या यंत्रात माती टाकता येत नाही. आधी मातीतले डीडीटी द्रावकात उतरवावे लागते. या क्रियेला निष्कर्षण म्हणतात. आकडा किती खरा, हे बरेचसे इथेच ठरते.

१८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनज्ञाने दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी काचेचे एक उपकरण तयार केले. पुढे मातीसाठीही तेच वापरात आले. त्यात एका नमुन्याला सुमारे ३०० मिलिलिटर द्रावक आणि १६ ते २४ तास लागतात. १९९५ च्या सुमारास दाबाखाली निष्कर्षण करणारे स्वयंचलित यंत्र बाजारात आले. पोलादी नळीत दहाएक ग्रॅम माती भरायची, अ‍ॅसिटोन व हेक्झेन यांचे मिश्रण सोडायचे, १०० अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे शंभरपट दाब ठेवायचा. वीसएक मिनिटांत काम होते आणि द्रावकही थोडेसेच लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या पद्धतीला मान्यता दिली आहे.

या पद्धतीचे नाव मात्र दिशाभूल करते. खरे काम दाब करीत नाही, तापमान करते. तापल्यावर द्रावक अधिक पातळ होतो, त्याचा पृष्ठताण घटतो, तो मातीच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि कणांना चिकटलेले रेणू सुटे होतात. पण अ‍ॅसिटोन ५६ अंशांना आणि हेक्झेन ६९ अंशांना उकळते. १०० अंशांनाही ती द्रवरूप राहावीत, एवढ्यासाठी दाब हवा.

वेळ वाचला, द्रावक वाचला, प्रयोगशाळेतील माणसांच्या फुप्फुसात जाणारी वाफही कमी झाली. हे सारे मान्यच आहे. माझा आक्षेप आहे तो ही पद्धत ‘सिद्ध’ झाल्याचे ज्या पुराव्यावर सांगितले जाते, त्यावर.

नेहमीचा पुरावा असा: स्वच्छ मातीत ठरावीक डीडीटी मिसळायचे, लगेच निष्कर्षण करायचे आणि ९५ टक्के परत मिळाले, की समाधान मानायचे. मीही हे अनेकदा केले आहे. पण कपड्यावर आत्ता सांडलेली हळदीची आमटी आणि आठवडाभर मुरलेला डाग या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. शेतातले डीडीटी वर्षानुवर्षे मातीत मुरलेले असते. ताजा डाग निघाला, म्हणून जुनाही निघेल असे सिद्ध होत नाही. ‘सॉक्सलेटइतकेच मिळाले’ एवढ्यानेही भागत नाही. दोन्ही पद्धती सारख्याच कमी पडत असतील तर?

दुसरी बाजूही पाहू. समजा, तापमान वाढवून मुरलेले सारे बाहेर काढले. मग तो आकडा धोक्याचा म्हणायचा का? गांडुळाच्या पोटात किंवा पिकाच्या मुळाशी १०० अंशांचे अ‍ॅसिटोन नसते. मुरलेले प्रदूषक सजीवांच्या वाट्याला कमी येते. त्यामुळे जोरकस निष्कर्षणाच्या आकड्यांवरून धोका वाजवीपेक्षा मोठा दिसू शकतो, हे कॉर्नेल विद्यापीठातील मार्टिन अलेक्झांडर यांनी २००० साली मांडले. म्हणजे ‘मातीत किती आहे’ आणि ‘त्यातले सजीवाला किती मिळते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच यंत्राच्या आकड्याने दोन्हींचे उत्तर देणे हा घोटाळा आहे.

उपाय अवघड नाहीत. एकदा निष्कर्षण झालेल्या मातीचे पुन्हा निष्कर्षण करावे आणि आणखी काही निघते का ते पाहावे. निसर्गातच दूषित झालेल्या गाळाचे प्रमाणित संदर्भ नमुने मिळतात. पद्धत त्यांवर पारखावी. आणि अहवालात आकड्याशेजारी द्रावक, तापमान व वेळ लिहावी.

आपण शिक्षकांनी एवढे करावे: आकडा फळ्यावर लिहिला, की शेजारी ‘कसा काढला?’ हा प्रश्नही लिहावा. त्या चौकस विद्यार्थ्याला अर्धे उत्तर देऊन बसवू नये.