पूर्वीच्या शाळेचा दर्जा आणि आजची शाळा

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला, कीं मध्यम वर्गाच्या घरांतून एक संभाषण हटकून ऐकूं येतें. नव्वदांवर गुण मिळाल्याची वार्ता घेऊन नातू पेढे वाटीत येतो, आजोबा पेढा तोंडांत टाकतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवितात, आणि तो दाराबाहेर पडला कीं म्हणतात, "आमच्या वेळीं साठ टक्के मिळविणारा गांवांत एखादाच असे. आतां शिक्षणाचा दर्जा राहिला आहे कोठें?" महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेंत २०२४ सालीं ९५.८१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. हा आंकडा पाहिला म्हणजे आजोबांचा प्रश्न निव्वळ वार्धक्याची कुरकुर म्हणून उडवून लावतां येत नाहीं. परंतु प्रश्न खरा असला, म्हणून त्यांत गृहीत धरलेलें उत्तरही खरें असतेंच असें नाहीं. पूर्वीं दर्जा होता व आतां तो गेला, हें मत आपल्या समाजांत इतकें सर्वमान्य होऊन बसलें आहे, कीं तें तपासून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. ते श्रम थोडेसे घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम जुन्या शाळेची बाजू पाहूं. इंग्रजी अमलापूर्वीं चालत असलेल्या, व त्यानंतरही कित्येक वर्षें गांवोगांव टिकून राहिलेल्या पंतोजींच्या शाळेंत मुलगा पाटीवर धूळ पसरून तींत अक्षरें गिरवी. पुढें मोडी वाचावयास व लिहावयास शिके. आणि पाढे पाठ करी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं नांवें आज पुष्कळ घरांतून ठाऊकही नसतील. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन यांचे ते पाढे होत. दिवेलागणीस परवचा म्हणतांना ते घरोघर घोकले जात. या घोकंपट्टीची थट्टा करणें सोपें आहे; पण ती निरर्थक मुळींच नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, असा ज्या बाजाराचा हिशेब, त्या बाजारांत सारा व्यवहार अपूर्णांकांतच चालावयाचा. सवायकी आणि दिडकी ज्याच्या जिभेवर, त्यास फसविणें वाण्यास सोपें नसे. ती शाळा आपल्या काळाच्या गरजेस पुरी पडत होती, एवढें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

पण १ एप्रिल १९५७ रोजीं देशांत दशमान नाणीं सुरू झालीं, आणि पुढील कांहीं वर्षांत शेर व मण जाऊन त्यांच्या जागीं किलोग्रॅम आला. तेव्हांपासून औटकीचा पाढा व्यवहारांतून उठला. म्हणून आजच्या मुलास औटकी येत नाहीं, एवढ्यावरून त्यास अडाणी ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. कारण संभाव्यता आणि आलेख हे जे विषय तो आज दहावीच्या गणितांत शिकतो, त्यांचें नांवही पंतोजींच्या शाळेंत कोणी ऐकलें नव्हतें. शिकविण्याचे विषय काळानुरूप बदलतात. त्यांच्या यादीवरून दर्जा ठरत नाहीं. जुन्या शाळेचा खरा गुण निराळा होता. ती थोडें शिकवी, परंतु जें शिकवी तें येईपर्यंत सोडीत नसे. दोनाचा पाढा आला नाहीं, तर तिनाचा मिळावयाचा नाहीं. हा गुण लक्षांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

याच गणिताच्या क्षेत्रांतील अलीकडचें एक उदाहरण घेऊं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसऱ्या इयत्तेच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' या शब्दाच्या जोडीस 'वीस एक', 'त्र्याण्णव' याच्या जोडीस 'नव्वद तीन' अशीं संख्यांचीं नांवें देण्यांत आलीं, आणि महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. वर्तमानपत्रांत लेख आले, विधिमंडळांत विनोद झाले, मराठी भाषेचा खून झाला असेंही म्हटलें गेलें. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं मराठी संख्यानामें लहान मुलांस दोन प्रकारें अडवितात. एक तर त्यांतील जोडाक्षरें कठीण. आणि दुसरें असें, कीं बोलतांना एकक आधीं येतें व लिहितांना दशक आधीं येतें. 'पंचवीस' म्हणतांना मूल पांच आधीं ऐकतें, लिहावयाचे मात्र दोन आधीं. त्यांतही आमच्या मतें सर्वांत बिकट प्रकार एकोणसत्तराचा. मूल त्यांत सत्तर ऐकतें, आणि लिहावयाचे असतात सहा आणि नऊ! शेजारच्या कानडी व तेलुगू भाषांत दशक आधीं व एकक मागून असाच क्रम आहे. तेथील मुलांपुढें हा पेंच पडत नाहीं.

आमचें मत विचाराल तर ही योजना सर्वस्वीं निर्दोष नव्हती. मूल शाळेंतून बाहेर पडलें, कीं दुकानदार, बसचा वाहक आणि घरची आजी, सर्वजण त्याच्याशीं पंचवीस म्हणूनच बोलणार. तेव्हां एका संख्येचीं दोन नांवें शिकण्याचा भार त्याच्यावर पडतो, हा आक्षेप विचारार्ह होता. परंतु जो गहजब झाला तो या आक्षेपाचा नव्हता. पुस्तकानें जुनीं नांवें काढून टाकलीं नव्हतीं, जोडीस नवीं दिलीं होतीं; हें पुस्तक उघडून पाहण्याची तसदी टीकाकारांपैकीं फार थोड्यांनीं घेतली असावी. बहुतेकांचा युक्तिवाद एका वाक्यांत सांपडतो: "आम्ही तेच शब्द शिकलों, आम्हांला कसें अडलें नाहीं?"

आमच्या मतें साऱ्या वादाचें मर्म या एका वाक्यांत आहे. तुम्हांला अडलें नाहीं, म्हणूनच तुम्ही आज लेख लिहीत आहांत! ज्यांना अडलें, ते दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंतच शाळा सोडून शेतावर, गुरांमागें किंवा गिरणींत गेले. त्यांचें मत या वादांत कोणी विचारलें नाहीं, आणि तें वर्तमानपत्रांत छापून येण्याचाही संभव नव्हता. पूर्वीच्या शाळेची साक्ष देणारे सर्व साक्षीदार त्या शाळेंत यशस्वी झालेले लोक आहेत. गाळणींतून खालीं उतरलेल्या पाण्यावरूनच विहिरीची परीक्षा करावी, त्यांतला हा प्रकार झाला.

ही गाळणी केवढी बारीक होती, हें इतिहासावरून दिसतें. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, तेव्हां उत्तीर्ण झालेले विद्यार्थी दोन डझनही नव्हते. महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकीं एक. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. असल्या विद्वानांकडे बोट दाखवून, "पाहा पूर्वीचा दर्जा!" असें म्हणणें मोहक खरें, परंतु त्याच पिढीच्या शेतकऱ्याचा मुलगा व कोणाचीही मुलगी त्या वेळीं कोठें होती? १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन सादर करतांना जोतीराव फुले यांनीं नेमकें हेंच दुखणें पुढें मांडलें होतें. सरकारचें उत्पन्न रयतेच्या घामांतून येतें आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस मिळतो. तेव्हां निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. ती ऐकली गेली नाहीं. १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शंभरांत पांच-सहा माणसेंच साक्षर निघालीं. स्त्रियांत तर शंभरांत एकही पुरती भरत नव्हती. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं राज्यभर व कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. परंतु ब्रिटिश मुलखांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मांडलेलें सक्तीच्या शिक्षणाचें सौम्य विधेयक पुढील वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. ज्या काळाच्या दर्जाची आपण स्तुति करतों, त्या काळाचा हा हिशेब आहे. शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक मुलांस दाराबाहेर ठेवून आंतल्या मूठभरांचा दर्जा राखणें यांत शाळेचें कौशल्य किती, आणि दाराचें किती?

येथवर वाचून आजच्या शाळेचे कैवारी संतुष्ट होतील. पण आमचें म्हणणें अद्याप पुरें झालेलें नाहीं. दार उघडलें, ही गोष्ट निःसंशय मोठी. २०११ च्या जनगणनेंत देशांतील साक्षरता ७४ टक्के व महाराष्ट्रांतील ८२ टक्के आढळली. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं बहुतेक सर्वांचीं नांवें शाळेच्या पटावर आहेत. पण पटावर नांव असणें आणि वाचतां येणें यांत अंतर आहे. 'असर' या नांवानें प्रसिद्ध असलेली ग्रामीण भागाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. पांचवींतील मुलांपुढें दुसरीच्या पुस्तकांतला उतारा ठेवावयाचा, एवढीच तिची वाचनाची कसोटी. २०१८ सालीं देशांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्यांनाच तो वाचतां आला. पुढें साथीच्या काळांत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ सालीं हें प्रमाण सुमारें ४३ टक्क्यांवर उतरलें; २०२४ सालीं तें पुन्हां निम्म्याच्या जवळ आलें. म्हणजे बऱ्या काळांतही दोघांतला एक मुलगा तीन इयत्ता मागें!

त्याच कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही नापास करावयाचें नाहीं असें ठरविलें होतें. या कलमास पुष्कळांनीं शिव्या दिल्या, आणि २०१९ सालीं दुरुस्ती होऊन पांचवी व आठवीस परीक्षा घेऊन मुलास मागें ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. पण मूळ कायद्यांत त्या कलमाच्या जोडीस दुसरी अट होती: मुलाची वर्षभर सतत पाहणी करावी, आणि जें त्यास आलें नसेल तें पुन्हां शिकवावें. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक असावा, असेंही त्यांत सांगितलें होतें. नापास न करण्याचें कलम पाळावयास कांहींच लागत नाहीं, म्हणून तें तत्काळ पाळलें गेलें. पुन्हां शिकविण्याचें कलम पाळावयास शिक्षक, वेळ आणि चिकाटी लागते, म्हणून तें बहुधा कागदावर राहिलें.

आतां दोन्ही शाळा शेजारीं ठेवून पाहाव्या. जुन्या शाळेंत ज्यास येत नसे, तो मुलगा बाहेर पडे. आजच्या शाळेंत ज्यास येत नाहीं, तो मुलगा पुढच्या वर्गांत जातो. रीति उलट दिसतात, पण अडलेल्या मुलाजवळ बसून त्यास पुन्हां शिकविण्याचें काम दोघींनींही टाळलें. एकीनें त्याला घालवून आपला दर्जा राखला. दुसरीनें त्याला राखून दर्जा सोडला. येईपर्यंत न सोडणें हा जो गुण आम्हीं पंतोजींच्या पदरीं घातला, तो सर्व मुलांच्या बाबतींत लावून दाखविणें हेंच खरें कार्य. आणि तें पूर्वींही झालें नव्हतें, आजही झालेलें नाहीं. अडलेलें मूल नेमकें कोठें अडतें, हा प्रश्न त्या वीस-एकच्या पुस्तकानें निदान विचारला तरी. उत्तर चुकलें असेल, पण ज्यांनीं प्रश्नच कधीं विचारला नाहीं, त्यांनीं हंसावें हें शोभत नाहीं.

शेवटीं एक अप्रिय गोष्ट आमच्या वाचकवर्गास, म्हणजे आपणां सर्वांसच, सांगणें प्राप्त आहे. सर्वांची मुलें शाळेंत येऊं लागलीं, त्याच काळांत आपण आपलीं मुलें त्या शाळेंतून काढून घेतलीं. नगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आपण दुसऱ्यांच्या मुलांवर सोडल्या, आपल्या मुलांसाठीं फी भरून निराळीं दारें शोधलीं, आणि मग दिवाणखान्यांत बसून त्या सोडलेल्या शाळांच्या दर्जाविषयीं हळहळूं लागलों. पूर्वीं गांवची शाळा बिघडली, तर गांवांतील शिकल्या-सवरल्या माणसाचें मूल बिघडे. म्हणून तो मास्तरास विचारावयास जाई. आज विचारावयास जाणारा त्या शाळेच्या दारांत उरलेला नाहीं. जे आईबाप उरले आहेत, ते आपल्या मजुरीचा दिवस बुडवून तेथें गेले, तरी त्यांचें ऐकतो कोण? दर्जा खालावण्याच्या कारणांची यादी करतांना हें कारण आपण सहसा लिहीत नाहीं. कारण तें आपल्याच हस्ताक्षरांत लिहावें लागतें.

तेव्हां पुढच्या जूनमध्यें नातू पेढे घेऊन आला, म्हणजे आजोबांनीं त्याचे टक्केही विचारूं नयेत आणि औटकीही विचारूं नये. त्याच्या हातीं एखादें मराठी पुस्तक द्यावें, एक पान वाचावयास सांगावें, आणि त्यांत काय आहे तें त्याच्या शब्दांत सांगण्यास सांगावें. नंतर तेंच पान घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या मुलापुढेंही ठेवावें. त्या दोघांपैकीं ज्यास अडेल, त्याच्याजवळ संध्याकाळीं अर्धा तास बसावें, आणि येईपर्यंत सोडूं नये. दर्जा म्हणतात तो याहून निराळा नाहीं.