दिल्लीचा साहेब आणि गावचा पंचनामा

दलितांवर अत्याचार झाला की आपल्या मोर्चात पहिली घोषणा उठते ती ‘सीबीआय चौकशी झालीच पाहिजे’ ही. मी मराठी साहित्य शिकवणारा माणूस आहे. घोषणा ही मला कवितेइतकीच गंभीर वाटते, कारण समाजाचे मन तिच्यात उघडे पडते. म्हणून या घोषणेचीही समीक्षा झाली पाहिजे. तिच्यात कोणाविषयी अविश्वास आहे आणि कोणावर विश्वास आहे?

अविश्वास कोणाविषयी, हे सांगायला नको. आमच्या अनसिंगसारख्या गावात पोलिस ठाणे, तहसील आणि पुढारी यांचे लागेबांधे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. विश्वास मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. बाबासाहेबांनी 1946 साली घटना समितीत बळकट केंद्राची बाजू घेतली आणि 1948 साली खेड्याच्या गौरवाचे वाभाडे काढले. गावात न्याय नाही, तो गावाबाहेरून आणावा लागतो, ही आपली जाणीव तिथून आलेली आहे. ती रास्तच आहे. पण गावाबाहेरचा प्रत्येक साहेब न्यायच घेऊन येतो, असे बाबासाहेबांनी कुठेही म्हटलेले नाही. उलट, घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल, हा इशारा त्यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी दिला होता.

मग हा साहेब कोण? दुसऱ्या महायुद्धात सरकारच्या युद्ध आणि पुरवठा खात्यांत लाचखोरी माजली. ती शोधायला 1941 साली विशेष पोलिस आस्थापना निघाली. 1946 साली तिच्यासाठी कायदा झाला आणि 1 एप्रिल 1963 रोजी गृहखात्याच्या एका ठरावाने केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, उभा राहिला. पुढे खुनाचे आणि इतर मोठे गुन्हे त्याच्याकडे आले, तरी मूळचा पिंड फायलीतली चोरी पकडणाऱ्याचा. वरचे अधिकारी बहुतांशी भारतीय पोलिस सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे ज्या पोलिसी संस्कृतीवर आपला अविश्वास, तिच्यातच घडलेली माणसे आपण दिल्लीहून मागवतो. ब्रीदात ‘निष्पक्षता’ हा शब्द आहे. पण जात न पाहणे म्हणजेच निष्पक्षता असे ज्याला वाटते, त्याला जातीचा गुन्हा दिसणार कसा?

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना जमावाने ठार केले. भैयालाल तेवढे वाचले. शेजारच्या धुसाळ्याच्या पोलिस पाटलाला मारहाण झाली होती. तिच्याबद्दल मायलेकींनी साक्ष दिली आणि त्यातले आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी हे हत्याकांड घडले. नागपूर, अमरावती, यवतमाळ पेटले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात राज्य सरकारने तपास सीबीआयकडे सोपवला.

सीबीआयने अकरा जणांवर आरोपपत्र ठेवले. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. दोन वर्षांत एवढे झाले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण बलात्काराचे कलम आरोपपत्रात नव्हते, आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप कोर्टात टिकले नाहीत. हा सूडातून झालेला खून आहे, असे कोर्टाने धरले. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून 25 वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि तिथेही जात सिद्ध झाली नाही. दलित बाईने साक्ष देण्याची हिंमत केली म्हणून अख्खे घर संपवले जाते, आणि त्या सुडात जात नाही! हा तर्क कोणत्या गावात राहणाऱ्याला पटेल?

असे का झाले? सीबीआय पोहोचली तेव्हा दोन महिने उलटत आले होते. पहिला पंचनामा, पहिले शवविच्छेदन, पहिले जबाब स्थानिक यंत्रणेच्याच हातचे. त्यातले काही पोलिस आणि डॉक्टर पुढे निलंबित झाले, पण त्यांनी वाया घालवलेले दिवस परत आले नाहीत. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हीच व्यवस्था उघडी केली होती. गोरा साहेब ऐषआरामात, आणि त्याला दिसते ते खालच्या भट कारकुनाने लिहिलेले. साहेब बदलला, कारकून बदलला, कागदाचा प्रवास तोच राहिला.

सीबीआयबद्दल पांढरपेशा वर्गाचीही तक्रार आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला पिंजऱ्यातला पोपट म्हटले, आणि 2018 साली तिचे दोन सर्वोच्च अधिकारी एकमेकांवर लाचेचे आरोप करताना देशाने पाहिले. हे सारे खरेच आहे. पण या टीकेला पिंजरा तेवढा दिसतो, म्हणजे सत्ताधाऱ्यांचा दाब. उद्या पिंजरा उघडला म्हणून पोपटाला जात ओळखता येईल काय? आपला प्रश्न त्याच्या स्वातंत्र्याइतकाच त्याच्या दृष्टीचाही आहे.

म्हणून घोषणा सोडू नका, पण तिच्यावर थांबू नका. दिल्लीकडे पाहताना ठाण्यावरची नजर हलू देऊ नका. पहिल्याच दिवशी फिर्यादीत ॲट्रॉसिटीची कलमे लागली काय? तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला काय? कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम 4 लावले काय? 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोठ्या गुन्ह्यांत ‘जातीच्या कारणावरून’ ही अट काढली. पीडिताची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरते. आणि ओळखीच्या माणसाला ती ठाऊक असणारच, असे कायदाच गृहीत धरतो. खैरलांजीत जी फट राहिली ती बुजवण्याचे हे हत्यार आहे. ते आपल्या किती शिकलेल्या पोरांना माहीत आहे? आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी मोर्चापुढे झेंडा धरावाच. पण त्याच रात्री ठाण्यात बसून फिर्यादीचा शब्द न् शब्द वाचावा. कोर्टात पुढे उभा राहतो तो हाच कागद.